मोरचुदाच्या खड्यांतील चुंबकांची रांग

रसायनशाळेंत नव्यानें पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची ज्या पदार्थांशीं प्रथम ओळख होते, त्यांत मोरचूद अग्रस्थानीं आहे. मोराच्या कंठासारखा त्याचा निळा रंग एकदां पाहिला म्हणजे सहसा विसरत नाहीं. खडा परीक्षानळींत तापविला कीं पाणी निघून जाऊन पांढरी भुकटी उरते, आणि तिजवर पाण्याचा थेंब पडतांच निळा रंग परत येतो, हा प्रयोग न केलेला विद्यार्थी विरळा. नाशिककडील द्राक्षमळेवाल्या पालकांस तर हा पदार्थ आमच्याहूनही अधिक परिचयाचा असेल. मोरचूद व चुना यांचें जें बोर्डो मिश्रण वेलींवर फवारतात, तें फ्रान्स देशांत १८८५ च्या सुमारास प्रचारांत आलें. मोरचूद विषारी आहे, तो मुलांनीं तोंडाशीं नेऊं नये, एवढी सूचना येथेंच देऊन ठेवतों.

अशा ह्या घरगुती पदार्थाच्या पोटांत पदार्थविज्ञानांतील एक फार सूक्ष्म कोडें दडलेलें होतें. त्याचें गणित १९३१ सालीं मांडलें गेलें व त्याचा हिशेब प्रयोगानें पुरा जुळला तो २०१३ सालीं. मध्यंतरीं ब्याऐंशी वर्षें लोटलीं. हा हिशेब कशाचा होता, आणि तो जुळविण्यास इतकीं वर्षें कां लागलीं, हें आम्ही आमच्या वाचकांस होईल तितक्या सोप्या रीतीनें सांगणार आहोंत.

प्रथम ह्या खड्याची आंतील रचना पाहूं. १९१२ सालीं जर्मनींतील म्यूनिक येथें माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीड्रिख व क्निपिंग ह्या दोघांनीं क्ष-किरणांचा बारीक झोत एका स्फटिकांतून पाठविला, तेव्हां मागें ठेवलेल्या छायाचित्रणाच्या कांचेवर ठिपके उमटले. स्फटिकांतील अणु नियमित रांगांनीं मांडलेले असतात, ह्याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. त्या कामीं प्रथम घेतलेला स्फटिक मोरचुदाचाच होता. पुढें १९३४ सालीं बीव्हर्स व लिप्सन यांनीं क्ष-किरणांच्याच साहाय्यानें मोरचुदाची संपूर्ण रचना उलगडली. मोरचुदाच्या सूत्रांत पाण्याचे पांच रेणू असतात हें विद्यार्थी पाठ करितात. त्यांपैकीं चार तांब्याच्या अणूभोंवतीं चौकोन करून बसलेले असतात, आणि पांचवा तांब्यास मुळींच चिकटलेला नसतो, असें ह्या शोधावरून दिसून आलें. दुसरीही एक गोष्ट निदर्शनास आली. तांब्याचे सगळे अणु एकाच ठेवणीचे नाहींत. निम्मे एका तऱ्हेनें बसलेले आहेत, निम्मे दुसऱ्या तऱ्हेनें. आणि दोन्ही प्रकारच्या चौकोनांचे अक्ष एकमेकांशीं जवळजवळ काटकोन करून आहेत. १९३६ च्या सुमारास कलकत्ता येथील इंडियन असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ह्या संस्थेंत के. एस. कृष्णन् व मुखर्जी यांनीं मोरचुदाचें चुंबकत्व निरनिराळ्या दिशांनीं मोजून त्याचा ह्या रचनेशीं मेळ घालून दाखविला. ह्या विषयाच्या इतिहासांत एक प्रकरण असें आपल्या देशांत लिहिलें गेलेलें आहे.

परंतु मोरचुदास चुंबकत्व आहे कोठें, असें कोणी विचारील. लोहचुंबक जवळ नेला तरी खडा जागचा हालत नाहीं. प्रश्न योग्य आहे. तांब्याच्या अणूंत एकोणतीस इलेक्ट्रॉन असतात. मोरचुदांत त्यांतील दोन दुसऱ्यांकडे जातात व सत्तावीस उरतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिशय लहान चुंबक असतो; ह्या त्याच्या अंगभूत गुणास स्पिन असें नांव आहे. सत्तावीसांपैकीं सव्वीस इलेक्ट्रॉन दोन दोनच्या जोड्या करून एकमेकांचें चुंबकत्व नाहींसें करितात. एक एकटा राहतो. म्हणून मोरचुदांतील तांब्याचा प्रत्येक अणु होकायंत्राच्या एका चिमुकल्या सुईसारखा वागतो असें समजण्यास हरकत नाहीं. ह्या सुया नेहमींच्या उष्णतेंत वाटेल तशा थरथरत असतात, त्यामुळें त्यांचें एकत्र बळ आपल्या हातास जाणवत नाहीं इतकेंच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वर ज्या दोन प्रकारच्या तांब्याच्या अणूंचा उल्लेख केला, त्यांतील एका प्रकारचे अणु एकामागें एक, सुमारें सहा अँगस्ट्रॉम अंतरावर (एका सेंटिमीटरचे दहा कोटि भाग केले असतां एक अँगस्ट्रॉम होतो), सरळ ओळींत परस्परांशीं बांधलेले आहेत. मागच्यापुढच्या शेजाऱ्याशीं त्यांचा संबंध आहे. बाजूच्या ओळीशीं तो नांवापुरताच. दुसऱ्या प्रकारचे अणु ह्या ओळींच्या मधून बहुतेक मोकळे असतात व कोणाच्याच फारसे बंधनांत नसतात. म्हणजे खडा लांबी, रुंदी व जाडी असलेला असला, तरी चुंबकत्वाच्या दृष्टीनें तो केवळ सुतांची एक जुडीच होय. अशा पदार्थांस स्पिन-साखळीचे पदार्थ म्हणतात. ह्या साखळींतील शेजाऱ्यांचा स्वभाव विरोधी आहे: एकाची सुई उत्तरेस असेल तर दुसऱ्याची दक्षिणेस असावी, अशी त्यांची ओढ असते.

नुसत्या ओळींत आणि भरीव पदार्थांत इतका भेद कां पडावा? पटांगणावर कवाइतीसाठीं मुलें रांगारांगांनीं उभीं आहेत असें समजा. एखादा मुलगा चुकून उलट वळला, तर पुढचा, मागचा, डावीकडचा व उजवीकडचा असे चौघे त्याची चूक दाखवून देतात. परंतु मुलें एकाच लांब ओळींत उभीं असलीं, प्रत्येकजण केवळ पुढच्याकडे पाहून वळत असला, आणि मध्येंच एकजण चुकला, तर त्याच्या मागील सर्व मुलें त्या चुकीस अनुसरून वळतात. ओळ कितीही लांब असो, बिघडलेला सांधा एकच. तो सांधा बिघडण्यास जी थोडीशी उष्णता लागते ती निरपेक्ष शून्याच्या वर कोठेंही मिळते. म्हणून नुसत्या ओळींत शिस्त टिकत नाहीं. हाम्बुर्ग येथें विल्हेल्म लेन्झ यांच्या हाताखालीं प्रबंध लिहिणाऱ्या एर्न्स्ट ईझिंग ह्या तरुणानें अशाच एका सोप्या ओळीचें गणित करून ही गोष्ट सिद्ध केली. तें गणित १९२५ सालीं प्रसिद्ध झालें.

ईझिंगच्या सुया मात्र फार साध्या होत्या. त्यांस वर किंवा खालीं इतकीच मुभा होती. खऱ्या तांब्याच्या सुया पुंजवादाचे नियम पाळतात, आणि तेथें प्रकार अधिक चमत्कारिक होतो. शेजारच्या दोन विरुद्ध सुया आपल्या दिशांची सारखी अदलाबदल करीत असतात. उष्णता मुळींच नसली तरीही ही अदलाबदल थांबत नाहीं. अमुक सुई उत्तरेस व अमुक दक्षिणेस असें ठामपणें सांगतांच येत नाहीं. सगळी ओळ मिळून एकच अवस्था होते, व तींतील प्रत्येक सुईचें वर्तन इतर सर्वांशीं गुंतलेलें असतें. अशा लक्षावधि गुंतलेल्या सुयांचें अचूक गणित करणें अशक्य असावें असेंच कोणासही वाटेल. १९३१ सालीं हान्स बेथे यांनीं तें केलें. त्या वेळीं ते पंचविशीच्या आंतबाहेर होते व रोम येथें फर्मी यांच्या सहवासांत काम करीत होते. त्यांनीं योजिलेली युक्ति आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. हीच रीति पुढील लेखांत भरीव पदार्थांस लावूं असें आश्वासन बेथे यांनीं त्या निबंधाच्या शेवटीं दिलें होतें. तो पुढील लेख कधींच आला नाहीं. तारे कसे जळतात ह्याविषयींच्या संशोधनाबद्दल त्यांस १९६७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, म्हणून त्यांनीं वेळ वायां घालविला असें अर्थातच कोणी म्हणणार नाहीं!

बेथे यांच्या गणिताचा सर्वांत नवलाचा अर्थ पुरतेपणीं कळण्यास पुढें पन्नास वर्षें जावीं लागलीं. १९८१ सालीं लेनिनग्राड येथील फद्देयेव व तख्ताज्यान यांनीं तो स्पष्ट केला. तो समजून घेण्यासाठीं वाचकांनीं कागदावर अक्षरांचा एक खेळ मांडावा. उत्तरेकडे तोंड केलेल्या सुईस उ म्हणूं, दक्षिणेकडील सुईस द म्हणूं. व्यवस्थित ओळ अशी होईल:

उ द उ द उ द उ

तिसरी सुई कोणी बाहेरून फिरविली. मग ओळ अशी झाली:

उ द द द उ द उ

दुसरी व तिसरी सारखी, तसेंच तिसरी व चौथी सारखी. म्हणजे दोन सांधे बिघडले. आतां चौथी व पांचवी ह्या दोन विरुद्ध सुयांनीं आपल्या सवयीप्रमाणें अदलाबदल केली:

उ द द उ द द उ

बिघडलेला एक सांधा होता तेथेंच राहिला, व दुसरा दोन घरें उजवीकडे सरकला. मधला भाग पुन्हां व्यवस्थित झाला. अशाच अदलाबदली होत गेल्या म्हणजे ते दोन सांधे एकमेकांपासून वाटेल तितके दूर जाऊं शकतात. आपण फिरविली सुई एकच. हातीं आले दोन स्वतंत्र प्रवासी. सुई फिरविल्यानें स्पिनचा जो एक पूर्ण मात्रेचा फेर झाला, तो ह्या दोघांत निम्मा निम्मा वांटला गेला. ह्या अर्ध्या मात्रेच्या प्रवाशास स्पिनॉन असें म्हणतात. बाहेरून एकटा स्पिनॉन कोणास निर्माण करितां येत नाहीं. ते जोडीनेंच जन्मतात. आमचा खेळ म्हणजे एक ढोबळ चित्र आहे, खऱ्या साखळींत सुयांच्या दिशा अशा ठरलेल्या नसतात; तथापि सुईचे दोन अर्धे भाग कसे होतात हें त्यावरून ध्यानांत येतें.

गणित झालें. पण प्रत्यक्ष पदार्थांत असे अर्धे तुकडे हिंडत असतात हें पाहावें कसें? त्यास न्यूट्रॉनासारखें साधन नाहीं. १९३२ सालीं चॅडविक यांनीं शोधलेल्या ह्या कणावर विद्युत्‌भार नसल्यामुळें तो स्फटिकांत सहज शिरतो, आणि तो स्वतःही एक लहानसा चुंबक असल्यामुळें आंतील सुयांस धक्का देऊं शकतो. आंत जातांना त्याची ऊर्जा किती होती व कोणत्या दिशेनें तो गेला, बाहेर येतांना किती उरली व तो कोणीकडे वळला, एवढें मोजलें कीं त्यानें आंत काय दिलें तें कळतें. बाजारांत गेलेल्या मुलाच्या खिशांतले पैसे जातांना व येतांना मोजून त्यानें काय खर्च केला हें घरच्या मंडळींनीं ओळखावें, तसेंच हें. ही विद्या विकसित केल्याबद्दल ब्रॉकहाउस व शल यांस १९९४ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

भरीव चुंबकांत न्यूट्रॉनानें दिलेला धक्का एका अखंड लाटेच्या रूपानें पसरतो. म्हणून विशिष्ट दिशेनें वळलेल्या न्यूट्रॉनानें गमावलेली ऊर्जा एका ठराविक आंकड्यावर सांपडते. साखळींत तसें होत नाहीं. धक्का दोन स्पिनॉनांत वांटला जातो, आणि कोणाच्या वांट्यास किती जाईल ह्याचा नियम नसल्यानें ऊर्जेचा आंकडा एक न राहतां एका विस्तृत पट्ट्यांत कोठेंही येऊं शकतो. असा पट्टा पोटॅशियम, तांबें व फ्लोरिन यांच्या एका संयुगांत १९९० नंतरच्या दशकांत दिसला. स्पिनॉन आहेत, ह्याविषयीं त्यानंतर फारशी शंका उरली नाहीं.

तरीही हिशेब अपुराच होता. न्यूट्रॉनानें दिलेला सगळा धक्का दोन स्पिनॉनांच्या जोडींतच जमा होत नाहीं, असें गणित सांगत होतें. शेंकडा सुमारें ७१ इतकाच भाग जोडींत जातो. आण्यांच्या जुन्या भाषेंत बोलावयाचें तर रुपयांतले सव्वाअकरा आणे. बाकीचें काय झालें? एका धक्क्यासरशीं कधीं कधीं दोन जोड्या, म्हणजे चार स्पिनॉन, एकदम निर्माण होतात व राहिलेली रक्कम बहुतेक त्यांच्या खात्यावर पडते, असें २००६ सालीं को व हाखमान्स यांच्या गणनेंतून निघालें. परंतु प्रयोगांत ह्या दोन खात्यांचे पट्टे एकमेकांवर असे कांहीं पडतात कीं नुसत्या आकारावरून ते निराळे काढतां येत नाहींत. एकूण किती जमा झालें हें पैपर्यंत मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतें. आणि येथेंच खरी अडचण होती. यंत्र न्यूट्रॉन मोजतें हें खरें. पण मोजलेले हजार न्यूट्रॉन म्हणजे खऱ्या किती, हें झोताच्या जोरावर, खड्याच्या आकारावर व यंत्राच्या गुणदोषांवर अवलंबून असतें. शेर पक्का कीं कच्चा हें ठाऊक नसतांना धान्य मोजण्यासारखें तें होतें.

ह्या ठिकाणीं मोरचूद उपयोगी पडला. त्यांतील साखळीची ओढ फार सौम्य आहे. साधारण तीन अंशांची उष्णता तिची बरोबरी करिते, आणि आपल्या खोलींतील हवा निरपेक्ष शून्याच्या (म्हणजे उणे २७३ अंशांच्या) वर तीनशें अंशांवर असते. ह्याचा एक अर्थ असा कीं आपल्या टेबलावरील खड्यांत साखळीची शिस्त शंभरपट उष्णतेंत बुडून गेलेली असते. ती पाहण्यास खडा निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्याही आंत आणावा लागतो. बर्कली येथील गेबॅली व जिओक यांनीं १९५२ सालींच मोरचुदाची विशिष्ट उष्णता अशा नीच उष्णतामानापर्यंत मोजली होती. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा. ओढ सौम्य असल्यामुळें बाहेरून लावलेलें चुंबकीय क्षेत्र तिच्यावर मात करूं शकतें. पांच टेस्ला क्षेत्र, म्हणजे आपल्या होकायंत्रास फिरविणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखपटीहून अधिक, लावलें कीं साखळींतील सगळ्या सुया निमूटपणें एका दिशेस उभ्या राहतात. ह्या शिस्तबद्ध स्थितींत धक्का फुटत नाहीं. एकच अखंड लाट उठते, आणि तिचा जोर किती असावा हें गणितास अचूक ठाऊक आहे. म्हणजे त्याच खड्यांत, त्याच यंत्रावर, खात्रीचें माप मिळालें. मग क्षेत्र काढून घ्यावें आणि त्याच मापानें स्पिनॉनांची रास मोजावी. ज्या पदार्थांत साखळीची ओढ जबरदस्त असते तेथें हें साधत नाहीं, कारण तिच्यावर मात करील इतकें बलवान क्षेत्र निर्माण करणेंच कठीण असतें. आमच्या मतें साऱ्या प्रयोगांतील खरी बुद्धिमत्ता ही माप शोधण्यांत आहे.

हा प्रयोग फ्रान्समधील ग्रनोब्ल येथें लाउए-लांजव्हँ संस्थेंतील अणुभट्टीवर करण्यांत आला. मोरचुदावर प्रथम क्ष-किरण पाडविणारे ते लाउए हेच. त्यांच्या नांवाच्या संस्थेंत शंभर वर्षांनीं पुन्हां तोच स्फटिक यावा हा योगायोग मौजेचा खरा. मूरिगाल, रोनो व त्यांचे सहकारी यांनीं त्यासाठीं मोरचूद साध्या पाण्यांतून न वाढवितां जड पाण्यांतून वाढविलेला घेतला. साध्या पाण्यांतील हायड्रोजन न्यूट्रॉनांस सैरावैरा उधळून देतो, व त्या धुक्यांत मंद खुणा दिसेनाशा होतात. जड पाण्यांतील हायड्रोजन तसें करीत नाहीं. विद्यार्थी दोऱ्यास बीजस्फटिक बांधून जो खडा वाढवितात, त्याच्याच जातीचा हा खडा, पाणी तेवढें निराळें.

निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकूण जमा शेंकडा ९९ भरली, चूकभूल आठांची. ९९ त आठ मिळविले तर शंभराच्या वर जातात, मग हें कसें, असें आमचे गणिती विद्यार्थी लगेच विचारतील. मापन कितीही काळजीनें केलें तरी त्यांत थोडा फेर राहतोच, आणि तो दोन्ही बाजूंस सांगावा लागतो. खरा आंकडा ९१ व १०७ यांच्या दरम्यान असावा एवढाच त्याचा अर्थ. मुख्य गोष्ट ही कीं ७१ हा आंकडा त्या मर्यादेच्या पुष्कळ बाहेर पडतो. दोन स्पिनॉनांच्या जोडीखेरीज आणखीही कांहीं आंत आहे हें त्यावरून ठरलें, आणि जें आहे त्याची रक्कम गणितानें सांगितलेल्या रकमेशीं जुळली. बेथे यांच्या कागदावरील ओळ आणि निळ्या खड्यांतील ओळ ह्या एकच निघाल्या.

न्यूट्रॉनांचे झोत आपल्याकडेही आहेत. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें १९५६ सालीं अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तेथील संशोधनाचे एक आद्य प्रवर्तक पी. के. अय्यंगार यांनीं कॅनडांत ब्रॉकहाउस यांच्याजवळ ही विद्या हस्तगत केली होती. १९८५ सालीं तेथें ध्रुव ही मोठी अणुभट्टी चालू झाली, व तिच्या झोतांवर साखळीच्या चुंबकीय पदार्थांचा अभ्यास झालेला आहे. त्यांपैकीं कॅल्शियम, कोबाल्ट व ऑक्सिजन यांच्या एका संयुगाची तऱ्हा मोरचुदाच्या अगदीं उलट आहे. त्याच्या एकेका साखळींतील सर्व सुया एकाच दिशेस वळतात; विरोध असतो तो शेजारच्या साखळ्यांमध्यें. ह्या साखळ्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर उभ्या असतात. पहिली वर झाली, दुसरी तिच्या विरुद्ध खालीं झाली. तिसरीनें आतां कोणाच्या विरुद्ध उभें राहावें, हें तिला ठरवितां येत नाहीं.